यंदाची आगोट (पावसाआधीची तयारी) अख्ख्या वाडीची करूया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात मान्सूनपूर्व आढावा बैठकीची बातमी वाचली. बोटी तयार, लाईफ जॅकेट तपासून ठेवली, कंट्रोल रूम २४ तास चालू राहणार, असं सगळं त्यात आहे आणि ते व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ही सगळी यंत्रणा असते जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या गावी, आणि पाणी येतं वाडीत, झाड पडतं घरावर, दरड येते वाडीच्या पाठीमागून. रस्त्यावर झाडं आडवी पडलेली, साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी, मग पहिले कितीतरी तास आणि कधीकधी पहिले दोन दिवस वाडीला वाडीतलीच माणसं. म्हणून हे पत्र. माझं मागणं एकच आहे, येत्या १ मेच्या ग्रामसभेत कोकणातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने पावसाळ्याची वाडीवार तयारी हा विषय पहिला घ्यावा, आणि कोण काय करणार ते तिथल्या तिथे नावानिशी लिहून काढावं.

१ मेच का, तर त्या दिवशी ग्रामसभा असतेच, वेगळी बोलवावी लागत नाही, आणि मे महिन्यात गाव भरलेलं असतं. मुंबई-पुण्याचे चाकरमानी आलेले असतात, लग्नं असतात, पूजा असतात, आंबे-फणस असतात, घराघरात तरणी माणसं असतात. जून लागला की ही सगळी परत जातात आणि पावसाळ्यात उरतात कोण, म्हातारे आईबाप, एखादी सून, शाळेतली पोरं आणि कुलूप घातलेली घरं. म्हणजे ज्या चार महिन्यांत माणसं लागतात त्याच चार महिन्यांत वाडी रिकामी. मग जे काही हाताचं काम आहे ते मे मधेच झालं पाहिजे. आपल्या आयाबाया आगोटीला काय काय करतात बघा, मीठ-मसाला भरून ठेवणं, सुकी मच्छी, पापड, लाकडं पडवीत रचणं, कौलं चाळून घेणं, झड्या बांधणं. घराची तयारी कोकणी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. पण ही तयारी घरापुरती असते, शेजारच्या बंद घराची नसते, वहाळाची म्हणजे ओढ्याची नसते, शाळेची नसते, पाखाडीवर एकटी राहणाऱ्या आजीची नसते. तिथे आपण कमी पडतोय असं मला मनापासून वाटतं.

मी लाईट फिटिंगची कामं करतो, चिपळूण शहरात आणि खाली खाडीपट्ट्यात, आणि वादळ झालं की दापोली-मंडणगडकडे पण कामाला जातो. त्यामुळे २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणातली किती घरं, किती दुकानं मी आतून बघितली. स्विचबोर्डचे स्क्रू काढले की पाईपातनं चिखलाचं पाणी खाली यायचं, एमसीबीच्या (जादा करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) आत गाळ, आणि माणसं मागे उभी राहून विचारतायत की मेन चालू करून बघू का एकदा. अजिबात करू नका. पुराचं पाणी ओसरलं, जमीन सुकली, भिंत वरनं कोरडी दिसली तरी पाईपात पाणी दिवसेंदिवस राहतं. पाण्यात बुडलेली एमसीबी, ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडते ती), स्विच, प्लग हे धुऊन सुकवून परत लावायच्या वस्तू नाहीत, ते बदलायचेच. वायर वाचू शकते पण ती मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून, डोळ्यांनी बघून कळत नाही. फ्रीज, मिक्सर, पंपाची मोटर वगैरे रिवायंडिंगवाल्याकडे देऊन आतून सुकवून मगच लावायचं.

आणि हे पूर आल्यानंतरचं झालं, खरं काम आधीचं आहे. आपल्याकडे मीटर आणि मेन स्विच असतो पडवीत, छातीच्या उंचीला, इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर, टीव्हीचा प्लग फुटावर. ज्यांच्या घराला पाणी लागलंय त्यांना २०२१ ची खूण भिंतीवर माहिती आहे, त्या खुणेच्या वर मेन बोर्ड न्या, वीज कंपनीकडे अर्ज करून मीटर वर घ्या. ज्यांच्या घराला वरचा मजला आहे त्यांनी खालचं सर्किट वेगळं आणि वरचं वेगळं करून घ्या, म्हणजे पाणी यायला लागलं की खालचं बंद करून वर निदान दिवा, मोबाईलचं चार्जिंग चालू राहतं. वायरिंग करताना हे मागितलं तर खर्च फार वाढत नाही, पण सांगायला कुणी नसतं आणि घरमालक म्हणतो आधी टाईल्सचं बघू. ईएलसीबी लावून घ्या, आणि ती पावसात ट्रिप व्हायला लागली तर तिला बायपास करू नका हो, ती ट्रिप होतेय म्हणजे कुठेतरी ओलीत करंट उतरतोय हे ती सांगतेय. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही हा माझा नेहमीचा अनुभव, ते उन्हाळ्यातच तपासून घ्यायचं.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो ती जनरेटरची. वादळानंतर लाईट नसली की भाड्याने जनरेटर आणतात आणि त्याची वायर सरळ घराच्या प्लगमधे घालतात, मेन काढलेला नसतो, चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर एवढंच जोडणारा) तर नसतोच. त्याने काय होतं, तुमच्या घरातनं करंट उलटा सर्व्हिस वायरने पोलवर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून आणखी वाढून पुढे जातो, आणि लाईन बंद आहे असं समजून चढलेला लाईनमन त्याला चिकटतो. परजिल्ह्यातून तुमची लाईट चालू करायला आलेला मुलगा असतो तो. चेंजओव्हर स्विच ही काही फार महागाची वस्तू नाही. नसेल लावायचा तर जनरेटरला एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावरच थेट फ्रीज नाहीतर पंप चालवा, घराच्या वायरिंगला हात लावू नका. आणि जनरेटर पडवीत, खोलीत कधी चालवायचा नाही, धुराने माणूस झोपेतच दगावतो. तसंच वाटेत तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं धरून ओलांडू नका, ओल्या जमिनीत तारेच्या आजूबाजूला पण करंट असतो, गुरांना तर पटकन लागतो. लांबूनच माणसं थांबवा आणि सबस्टेशनला कळवा.

आता वादळ, पूर आणि दरड ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिघांचं एकच समजतो तिथे घोटाळा होतो.

वादळाची खबर दोन-तीन दिवस आधी मिळते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, पण ते येणार हे आधीपासून माहिती होतं, त्यामुळे बोटी बंदरात आणायला वेळ मिळाला. तौक्ते तर १६ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातला लागलं, तरी मालवण-देवगडपासून वरपर्यंत घरांची, बागांची काय दशा झाली ते सगळ्यांनी बघितलं. म्हणजे आपल्याकडे लागणार नाही असं ऐकलं म्हणून निवांत बसायचं नाही. फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला, पावसाळा संपून दिवाळी झाल्यावर, तेव्हा बोटी समुद्रात होत्या आणि रत्नागिरीकडचे किती खलाशी परत आले नाहीत. तर वादळाचे हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि दुसरा हंगाम आपण अगदी विसरतो कारण तेव्हा भातकापणी आणि दिवाळीत माणूस गुंतलेला असतो.

निसर्गच्या नंतर मी दापोलीच्या बाजूला कामाला होतो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली की घर पडण्याइतकंच हाल पाण्याने झाले. लाईट नाही म्हणजे नळपाणी योजनेचा पंप नाही, विहिरीवरचा पंप नाही, आणि विहिरीत पाणी काठोकाठ पण उपसायला रहाट नाही, कारण पंप आल्यावर रहाट काढून टाकले, आणि दोरी शोधली तर गुरांच्या दाव्याशिवाय घरात दोरी नाही. काही गावांत महिनाभर लाईट नव्हती. मोबाईलचे टॉवर पण बॅटऱ्या संपल्या की गप्प, मुंबईतल्या मुलांना चार-चार दिवस आईबाप जिवंत आहेत का ते कळलं नाही. तर प्रत्येक विहिरीवर एक दोरी आणि पोहरा ठेवायचा, हे वाडीच्या खर्चातनं करा, किती पैसे लागतात त्याला. आणि वादळाची खबर आली की छपरावरची प्लास्टिकची टाकी काठोकाठ भरून ठेवायची, दोन कामं होतात, पुढचे दिवस पाणी राहतं आणि टाकी उडत नाही. रिकाम्या टाक्या मी शेजारच्या आवाठात जाऊन पडलेल्या बघितल्यात.

छपराचं सांगायचं तर कौलारू घरात दोन-चार कौलं गेली तरी घर राहतं, पत्र्याला तसं नाही, वारा पडवीच्या खालनं शिरतो, पत्रा वर उचलतो आणि एक निसटला की रांगच्या रांग जाते. उडालेला पत्रा कोयत्यासारखा येतो, त्या वेळी बाहेर पडायचंच नाही. पत्र्याला जे-हुक सगळ्या ठिकाणी आहेत का, गंजलेत का, वासा भिंतीला नुसता ठेवलाय का बांधलाय, हे मे मधे शिडी लावून बघायचं काम आहे, त्यासाठी इंजिनीअर लागत नाही. कडेच्या पत्र्यांना आणि आढ्याला हुक जास्त घाला, तिथेच वारा पकडतो. घरावर आलेल्या माडाचे सुके नारळ आणि झावळ्या उतरवून घ्या. वारा एकदम पडला, ऊन आल्यासारखं वाटलं तर वादळ गेलं असं समजून पत्रे गोळा करायला बाहेर धावू नका, वादळाचा मधला शांत भाग, म्हणजे डोळा, गेला की वारा उलट्या दिशेने परत येतो, आणि पहिल्या वाऱ्याने जे सैल झालंय ते दुसऱ्याने जातं.

पुराला एवढा वेळ नसतो. आपल्या नद्या घाटातून निघतात आणि थोड्याच अंतरात खाडीला मिळतात. तिवरे-पोफळीकडे, वर घाटमाथ्यावर रात्रभर कोसळला की पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी बाजारपेठेत असतात, तिकडे सावित्री-गांधारी महाडात. २०२१ चं पाणी कोलकेवाडी धरणाचं की पावसाचं की गाळाचं ह्यावर चिपळुणात आजही भांडणं होतात, त्यात मी पडत नाही, गाळ काढायला लोकांनी आंदोलन केलं तेव्हा गाळ निघाला एवढं खरं, आणि तो काढत राहायला पाहिजे. मला त्या दिवसाबद्दल वेगळंच सांगायचंय. २२ जुलै म्हणजे आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झालेले, त्रयोदशी, पौर्णिमेचं उधाण तोंडावर. खाडीकाठच्या माणसाला हिशोब तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास खाडी भरलेली, वरून नदीचं पाणी येतंय आणि खाली जायला जागाच नाही. हा हिशोब आमच्याकडचे जुने मच्छीमार कॅलेंडर न बघता करतात, पण बाजारपेठेतल्या किती दुकानदारांना येतो. जून ते सप्टेंबर ज्या दिवशी घाटात मुसळधार आणि तिथी एकादशीच्या पुढे पौर्णिमा-अमावास्येकडे, त्या दिवशी माल रात्रीच वर चढवायचा, सकाळची वाट बघायची नाही. पुन्हा रात्रीची भरती असतेच, ती साधारण साडेबारा तासांनी.

हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस होऊ शकतो असं. आकडा ऐकून माणसाला काही कळत नाही, म्हणून मी असं सांगतो, हजार स्क्वेअर फुटाच्या छपरावर २०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेअठरा हजार लिटर पाणी होतं, जवळजवळ दोन टँकर, एका घराच्या छपरावरून एका दिवसात. आता अख्ख्या डोंगराचा हिशोब करा आणि मग आपल्या वाडीचा वहाळ बघा, त्यावर कुणी स्लॅब टाकून गाडी लावलीय, कुणी गडगा पुढे सरकवलाय, हायवेच्या कामाची माती कुणी पऱ्ह्यात लोटलीय, प्लास्टिक मोरीच्या तोंडाशी. मोरी साफ करणं हे चार माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि ते मे मधे होतं, जुलैत होत नाही. खाडीच्या बाजूला कांदळवन तोडून भराव घालणाऱ्यांना पण ग्रामसभेतच विचारलं पाहिजे, ते झाड लाटेचा जोर मोडतं.

पुरात अजून दोन गोष्टी. गुरांची दावी सोडायची, गोठ्यात बांधलेली गुरं जाग्यावर बुडतात आणि सुटलेली उंचावर जातात, त्यांना ते कळतं. आणि साकवावरून, रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात पाय किंवा गाडी घालायची नाही, घोट्याच्या थोडं वर वाहतं पाणी उभ्या माणसाला पाडतं आणि गुडघाभर पाण्यात छोटी गाडी उचलली जाते. दरवर्षी ह्यात कुणीतरी जातो आणि बहुतेक वेळा तो त्याच गावचा असतो, रोजचा रस्ता असल्यामुळे त्याला वाटतं मला माहिती आहे. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल रात्री गेला तेव्हा एसटीच्या गाड्या त्यात गेल्या, चालकांना पुढे पूल नाही हे अंधारात दिसायला मार्गच नव्हता. म्हणून पूर आला की साकवाच्या दोन्ही तोंडांना दोरी किंवा आडवं लाकूड बांधून माणूस उभा करायचा, त्या माणसाचं नाव आधीच ठरलेलं पाहिजे.

दरडीला तर वेळच नाही. महाड तालुक्यातलं तळिये २२ जुलै २०२१, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात खेड तालुक्यात पोसरे. मग १९ जुलै २०२३ ला रात्री इर्शाळवाडी. आणि इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. ह्याच्यातून एवढं तरी घ्यायचं की आपल्या गावाचं नाव यादीत नाही म्हणून डोंगर आपला झाला असं नाही. यादी करणारे येतात आणि जातात, डोंगराकडे रोज बघतात ती वाडीतली माणसं, गुराखी, लाकडाला जाणाऱ्या बायका. जमिनीला भेग पडली, सरळ झाड कललं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, नवीन ठिकाणी पाणी फुटलं किंवा असलेला झरा भर पावसात आटला, घराचं दार अचानक घट्ट बसायला लागलं, डोंगरातून घुमल्यासारखा आवाज आला, ह्यातलं एक जरी दिसलं तरी ते सरपंचाला सांगायचं आणि त्या रात्री तिथे झोपायचं नाही. खात्री करायला वर जायचं नाही. आपल्याकडे होतं काय, माणूस बघतो, घरात बोलतो, पण सांगायचं कुणाला हे ठरलेलं नसतं आणि उगाच लोक घाबरतील, नावं ठेवतील म्हणून गप्प बसतो.

आता ग्रामसभेत नेमकं काय ठरवायचं, तर माझ्या मते सगळ्यात आधी चाव्या. निवारा म्हणून प्रत्येक गावात जिल्हा परिषदेची शाळा नाहीतर समाजमंदिर लिहिलेलं असतं. शाळेची चावी गुरुजींकडे, गुरुजी राहतात तालुक्याला, आणि पूर आला रात्री दोनला. एका गावात माणसं पावसात शाळेच्या ओट्यावर उभी आणि कुलूप फोडायचं का नाही ह्यावर चर्चा, हे मी स्वतः बघितलंय. तीन चाव्या करा, एक पोलीस पाटलाकडे, एक शाळेच्या अगदी शेजारच्या घरात, एक आशाताईकडे. शाळेत पाण्याची टाकी आहे का, संडास चालू आहे का, शाळा स्वतःच वहाळाच्या काठावर नाही ना, हे तिथे जाऊन बघा. तसंच बंद घरांच्या चाव्या, चाकरमान्यांनी जाताना शेजाऱ्याकडे चावी आणि फोन नंबर द्यायचा आणि एक साधा कागद लिहून द्यायचा की माझ्या आवारातलं धोक्याचं झाड तोडायला, गरज पडली तर घर उघडायला माझी हरकत नाही. मोडकी आंब्याची फांदी शेजारणीच्या पडवीवर आलेली, मालक विरारला, तो फोन उचलत नाही आणि हात लावला तर गणपतीत येऊन भांडतो, अशी प्रकरणं प्रत्येक वाडीत आहेत. मे मधे सगळे समोरासमोर असतात तेव्हाच ती मिटतात.

दुसरं, माणसांची यादी. कोण एकटं राहतं, कुणाला चालता येत नाही, कोण गरोदर आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाला इन्सुलिन लागतं. आशाताई आणि अंगणवाडीताईंना हे सगळं माहिती असतं, त्यांना विचारलं की अर्ध्या तासात यादी होते. प्रत्येक नावापुढे दोन नावं लिहायची, ह्या आजीला उचलून कोण नेणार. दोन अशासाठी की एक मुंबईला गेलेला असू शकतो. यादी व्हॉट्सअॅपवर टाकून उपयोग नाही, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देवळात नाहीतर रेशन दुकानात लावा.

तिसरं, नेटवर्क गेल्यावर खबर कशी द्यायची. आता मोबाईलवर भोंग्यासारखा आवाज करत सरकारी मेसेज येतो, आपत्तीच्या इशाऱ्यांचं सचेत अॅप आहे, आकाशातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी अॅप आहे, हे सगळं चांगलं आहे आणि घेतलंच पाहिजे. पण टॉवर पडला की काय. आपल्या प्रत्येक वाडीत शिमग्याचा ढोल आहे, देवळात घंटा आहे, मशिदीत स्पीकर आहे, त्याला फक्त बॅटरी लागते. एक खूण ठरवा, अमुक पद्धतीने ढोल वाजला की सगळ्यांनी शाळेत जायचं, आणि मे मधे एकदा वाजवून बघा, शेवटच्या घराला ऐकू जातो का. मधे टेपाड असेल तर जात नाही, मग तिथे धावून जाणारा पोरगा ठरवा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण खबर वाडीच्या एका टोकाला आली आणि दुसऱ्या टोकाला नाही असं झालं की मग नशीब.

बाकीचं बहुतेकांना माहिती आहे, थोडक्यात लिहितो. आधार, सातबारा, बँकेची पुस्तकं, औषधाची चिठ्ठी जाड प्लास्टिकमधे बांधून माळ्यावर, आणि फोटो काढून मुंबईतल्या मुलाकडे पाठवलेले. गॅस रेग्युलेटरला बंद करून सिलिंडर बांधून ठेवायचा, रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगत जातो. पुरानंतर विहिरीचं पाणी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय प्यायचं नाही, चिखल काढताना गमबूट घालायचे, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून होणाऱ्या तापाची) गोळी आरोग्य केंद्रात विचारून घ्यायची, ताप अंगावर काढायचा नाही. दुकानदारांनी विम्याच्या कागदात पूर आणि वादळ लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचून घ्यायचं, एजंट सांगतो त्यावर राहू नये, आणि मालाचे फोटो बिलांसकट दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे ठेवायचे. नुकसान झालं तर साफसफाई करायच्या आधी फोटो काढा, पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत चिखल काढलेला असतो आणि मग दाखवायला काही राहत नाही.

ह्या सगळ्याला पैसे किती लागतात, तर दोऱ्या, चाव्या, टॉर्च, ढोलाच्या खुणेला तर काहीच नाही. वादळानंतर, पुरानंतर बाहेरून मदत आली, किती आली, गाड्याच्या गाड्या आल्या, परजिल्ह्यातून पोरं येऊन आमच्या बाजारपेठेतला चिखल काढून गेली, ते उपकार आम्ही विसरणार नाही. पण ती सगळी माणसं पाणी ओसरल्यावर पोचू शकली. श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांमधे सुपारी आडवी झाली, पोफळ लावून परत धरायला वर्षं जातात, ते नुकसान टळण्यासारखं नव्हतं. माणूस जाणं मात्र पुष्कळ वेळा टळण्यासारखं असतं, आणि ते वाडीतलाच दुसरा माणूस टाळू शकतो.

शेवटी आपल्या पेपरकडे एक विनंती. १ जून ते ३० सप्टेंबर आणि पुढे नोव्हेंबरपर्यंत पहिल्या पानावर रोज एक छोटी चौकट द्या, त्यात त्या दिवसाच्या दोन्ही भरतीच्या वेळा, घाटमाथ्यावर आदल्या दिवशी पडलेला पाऊस, हवामान खात्याचा रंग, आणि जिल्हा कंट्रोल रूमचा १०७७ आणि ११२ हे नंबर. कॅलेंडर घराघरात आहे पण पेपर रोज बघितला जातो, आणि आमच्याकडे टपरीवर एक पेपर वीस माणसं वाचतात. चौकट १ मेच्या अंकापासून सुरू केलीत तर ग्रामसभेत तोच अंक दाखवता येईल, आमच्या गावात मी घेऊन जाईन.

आपला,
एक वायरमन आणि नेहमीचा वाचक
खाडीपट्टा, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी